आधी बाईच्या बकऱ्यांना टोचा

रानशेतच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी चालवत होते. खिचडी, वजन, गाणी हे सगळं रोजच्या रोज व्हायचं. अवघड दिवस महिन्यातून एकच, नर्सबाई लस घेऊन यायच्या तो. त्या दिवशी पाड्यावरची निम्मी मुलं अचानक मामाकडे गेलेली असायची. मी घरोघर फिरून आयांना समजवायचे आणि लपवलेली मुलं शोधून काढायचे. समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीने एकदा लेकीला भाताच्या कणगीमागे बसवलं आणि मला सांगितलं, "ती नाय घरात." लेक तिथूनच रडली. तो किस्सा मी पुढे डहाणूच्या प्रत्येक बैठकीत रंगवून सांगितला. टाळ्याही मिळवल्या.

२०१६च्या थंडीत तलासरीकडून बातमी आली, बकऱ्या मरतायत. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, तोंडात फोड येतात, हगवण लागते आणि आठवड्याभरात बकरी जाते. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मला फोन आला. "पीपीआर म्हणतात याला. एकीची दुसरीला लागण होते. गुरुवारी सकाळी लस घेऊन येतो. बकऱ्या चरायला सोडू नका, एवढा निरोप द्या."

मी निरोप दिला, आणि संध्याकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर सभा भरली. अध्यक्ष अर्थातच माझे मोठे दीर. भाऊजी कोसबाडला बकऱ्यांच्या एक दिवसाच्या शिबिराला जाऊन आले होते. जेवणानंतर ते तिथे झोपले होते, असं बरोबर गेलेले सांगत. पण तेव्हापासून पाड्यावर कुठलीही बकरी शिंकली की भाऊजी तिचा ओठ वर करून दात बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"ला मोठा मान होता.

"रोग आपल्याकडे आलाय का?" भाऊजींनी विचारलं.

"नाय," सगळे म्हणाले.

"मग नसलेल्या रोगाला सुई कशाला?"

यावर सभा फारच खूश झाली. एकाने सांगितलं, टोचलेली बकरी गाभण राहत नाही. दुसऱ्याने सांगितलं, तिच्या मटणाला औषधाचा वास येतो. तिसऱ्याला लस फुकट देतात याचाच संशय होता. विकत दिली असती तर तो तेवढ्याच जोरात म्हणाला असता, विकत कशाला?

मी मला शिकवलेलं सगळं बोलले. रोग लागल्यावर लस देऊन फायदा नसतो, आधीच द्यावी लागते, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकमताने ठराव केला. आधी बाईच्या बकऱ्यांना टोचा. आठ दिवस बघू. मग आमच्या.

घरी येऊन मी माझ्या चार बकऱ्यांकडे बघितलं. त्यातली तांबडी गाभण होती. हाक मारली की धावत यायची. घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल मला असं म्हणता आलं नसतं. मी गुपचूप डॉक्टरांना फोन लावला.

"गाभण बकरीला चालते?"

"चालते."

"ताप येतो?"

"एखादीला येतो थोडा. एकदोन दिवसांत उतरतो."

"पण काही होणार नाही ना?"

"बाई, तुम्हीच असं विचारता?"

हीच उत्तरं मी कितीतरी आयांना दिली होती, याच सुरात. ऐकणारीला ती किती तोकडी वाटतात, हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी डॉक्टर आले तेव्हा माझ्या तीन बकऱ्या अंगणात होत्या. चौथी घरामागच्या लाकडांच्या खोपीत बांधली होती. सगळा पाडा बघायला जमला होता. तीन सुया झाल्या, डॉक्टर डबा बंद करायला लागले, आणि मागून तांबडी ओरडली. चांगली लांबलचक.

"बाई," समोरची मैत्रीण म्हणाली, "कणगीमागे कोण रडतंय?"

मला वाटतं, पाड्यावर इतका हशा कुठल्या लग्नातही झाला नसेल. डॉक्टरही हसले. मी मान खाली घालून तांबडीला घेऊन आले. तिला टोचलं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. ती पाल्याला तोंड लावेना. पाडा रांगेने तिला बघायला आला, दारात चपला काढून, हळू आवाजात बोलत. भाऊजींनी ओठ वर केला, दात बघितले. "हं. सांगितलं होतं." तिसऱ्या दिवशी तांबडी माझं आंब्याचं कलम खाऊन मोकळी झाली. ते बघायला कुणी आलं नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले. डॉक्टरांकडे दुसरी गावं होती. तेवढ्यात भाऊजींनी बाजारातून एक उमदा बोकड आणला. दात बघूनच घेतला होता. चौथ्या दिवशी त्याचं नाक गळायला लागलं. बोकड गेला, मग भाऊजींच्या तीन बकऱ्या गेल्या, मग समोरच्या मैत्रिणीच्या दोन्ही. माझ्या चारही चरत राहिल्या, आणि मला त्यांना अंगणात बांधायची लाज वाटायला लागली.

डॉक्टर पुन्हा आले आणि धडधाकट बकऱ्यांना टोचलं. या वेळी कुणी मामाकडे गेलं नाही. भाऊजींनी ओट्यावर उभं राहून, रोगाआधी लस का घ्यावी, यावर लांब भाषण दिलं. त्यातली बरीच वाक्यं माझी होती. डॉक्टरांनी ते सुई हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं.

मैत्रीण मात्र सभेला आली नाही. मी तिच्याकडे गेले. ती अंगण सारवत होती.

"आठ दिवस कशाला थांबलीस गं? माझ्या तर नीट होत्या," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

ती हात न थांबवता म्हणाली, "तू लपवलीस ना. मी हसले तेव्हा. पण घरी येऊन वाटलं, बाई सगळं शिकलेली हाय. ती लपवते म्हणजे काहीतरी असेल."

मी बादलीतलं शेण कालवून दिलं. दोघींनी मिळून अंगण पुरं केलं.

तांबडीला पुढे दोन पिल्लं झाली, दोन्ही माद्या, म्हणजे पाठी. दूध सुटल्यावर मी त्यातली एक घेऊन मैत्रिणीच्या दारात गेले. तिने आधी नको म्हटलं. मग पाठ उचलून घेतली, तिचे कान चाचपले आणि विचारलं, "हिला कधी टोचायचं?"

"चार महिन्यांची झाली की."

"मी घेऊन येईन," ती म्हणाली. "तू बोलवायला येऊ नको."