मैदानामागच्या बाईंचा सत्कार

हसणार नाही असं वचन मी तुमच्याकडून मागत नाही, कारण तुम्ही ते पाळणार नाही. पण या उन्हाळ्यात हॅमिल्टनमध्ये मी जे दिवे लावले, ते दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

मी आमच्या मुलींच्या टीममध्ये डिफेन्सला खेळते. जर्मनीतल्या एका गावातला बायकांचा जुना फुटबॉल क्लब आमच्याशी मॅच खेळायला येणार होता. सोबत तो क्लब सुरू करणाऱ्या हेल्गाबाई, वय ऐंशीच्या घरात. मॅच बघून त्या आमच्यातली एक मुलगी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीला नेणार होत्या. एकच जागा! मला ती इतकी हवी होती की महिनाभर मी बसमध्ये, जेवताना, अगदी वॉशरूममध्येसुद्धा त्या क्लबचा इतिहास पाठ करत होते.

आणि इतिहास तरी कसला! त्या काळी तिकडे बायकांना फुटबॉलचं मैदान द्यायलाच बंदी. मग या पोरी गोठ्यात कपडे बदलायच्या, भावांच्या बुटांत वर्तमानपत्र कोंबायच्या आणि कुरणात खेळायच्या. वेबसाइटवर त्यांचा एकच फोटो होता. चिखलाने माखलेल्या अकरा मुली, मधोमध सगळ्यात उंच, ताठ मानेची एक. हीच हेल्गा, असं मी ठरवून टाकलं. पुढारी मधोमधच उभा राहतो ना? आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तरी राहतात.

आई म्हणाली, "एवढं मोठं माणूस येतंय, शाल-श्रीफळ नको का?" मी तिच्यावर फिस्कारले. मंडळातले सत्कार मला मुळीच सहन होत नाहीत. गणपतीत काकालोक दोन-दोन तास एकमेकांना शाली पांघरवतात आणि तोवर जेवण थंड होतं. पण जागा एकच होती हो! मी गुपचूप शाल, नारळ आणि एक ताट बॅगेत टाकलं.

मॅचच्या सकाळी वॉर्म-अप करत होते, तर कडेला उभ्या असलेल्या एक बुटक्या आजी म्हणाल्या, "किक मारताना मागे झुकू नकोस."

मला वाटलं, कुणाची तरी आजी आली असेल. म्हाताऱ्या माणसांचं हे असंच. विचारलं नसताना सल्ला. मी गोड हसून त्यांना सावलीत बसायला सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, "झुकतेयस." शेवटी मी शाल-नारळाचं ताट त्यांच्या हातात दिलं. कामाला लावलं की माणसं गप्प बसतात. बिचाऱ्या धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात फाटकातून एक उंच, ताठ मानेच्या बाई आत आल्या. चंदेरी केस, हिरवा ब्लेझर आणि हातात फुटबॉलनी भरलेली भली मोठी पिशवी. आमच्यासाठी भेट आणलीय! आजींच्या हातातल्या ताटातून शाल-नारळ उचलून मी धावत सुटले. शाल पांघरवली, नारळ दिला, कोचच्या हातातला माइक ओढला आणि सुरू झाले.

"तुम्हाला मैदान बंद केलं, तरी तुम्ही डगमगला नाहीत. आज या मैदानावर मुलींचा जो आवाज घुमतो, तो केवळ तुमच्यामुळे!"

बाई लालेलाल झाल्या. गहिवरल्या, मी समजले. मागून कोच जोरजोरात हात हलवत होता. तो आवाज वाढव म्हणत असणार, म्हणून मी वाढवला. पुरती पाच मिनिटं बोलले आणि शेवटी वाकून पायाही पडले.

मग बाईंनी माइक घेतला. "मी या मैदानामागच्या घरात राहते. हे सगळे बॉल माझ्या टोमॅटोंवर पडलेले आहेत. तुमचा खेळ बंद करा, हे सांगायला आले होते." त्या थांबल्या, शालीचा काठ चाचपला. "पण माझा असा मान आजवर कुणी केला नव्हता." पिशवी खाली ठेवून त्या पहिल्या रांगेत मॅच बघायला बसल्या.

माझी टीम गवतावर लोळत होती. आणि हेल्गाबाई? त्या रिकामं ताट छातीशी धरून इतक्या हसत होत्या की डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मॅचमध्ये मी कशी खेळले ते विचारू नका. एकूण एक किक मागे झुकून मारली. हेल्गाबाईंनी ट्रेनिंगसाठी आमच्या टीममधल्या मेगनचं नाव घेतलं. मी माफी मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, "फोटोतली ती उंच मुलगी आमची गोलकीपर. मी टोकाला उभी आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तूही चल. आठवडाभर. तिकीट आमचं."

मी त्यांचा हातच धरला. "खेळायला?"

"नाही गं. आमच्या मैदानामागेही एक म्हातारा राहतो. बॉल परत देत नाही. तू फक्त भाषण कर."

पुढच्या महिन्यात निघतेय. जर्मन फुटबॉल क्लबने निवडलेली मंडळातली पहिली मुलगी म्हणून गणपतीत माझा सत्कार ठेवलाय. निवड कशासाठी झाली, हे अध्यक्षांनी अजून विचारलेलं नाही. आणि मी शाल घेऊन मोकळी होईपर्यंत तुम्हीही सांगू नका.