टाकीकडे तोंड केलेली छत्री

संयोगिता, तुला राग येणार हे धरूनच लिहायला बसले आहे. येऊ दे. समोर बोलायला गेले की तू "सरी अक्का, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत बॅग उचलतेस आणि बस गाठतेस. म्हणून तुझीच गोष्ट तुला सांगते, पण परक्या बाईची सांगावी तशी. म्हणजे तरी शेवटपर्यंत ऐकशील.

तर संयोगिता ही आनेकलच्या जयसिंगरावांची लेक. घराणं शतकांमागं इकडं कानडी मुलखात येऊन रुजलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. पोरीची पहिली नोकरी एका टीव्ही वाहिनीच्या कंट्रोल रूममध्ये. तिथं पडदा क्षणभर काळा झाला तरी शिपायापासून मालकापर्यंत सगळे धावत सुटायचे, कारण काळा झाला तर सगळ्या गावाचाच काळा व्हायचा. त्या भीतीत ती तयार झाली. जयसिंगरावांना तिचा कोण अभिमान! चित्र कसं दिसावं याबद्दल घरात शेवटचा शब्द तिचा.

पुढं तिनं शहरात, एचएसआर लेआउटमधली एक कंपनी धरली. सामने, मैफली, सोहळे, सगळं थेट मोबाइलवर पोचवणारी. तेव्हापासून आनेकलला आली की ती टीव्हीला हसायची. गच्चीवर टाकी बसवताना प्लंबरनं डिशची छत्री ढकलली, ती टाकीकडे तोंड करून बसली, आणि जयसिंगरावांचा टीव्ही बंद पडला. शेजारच्या गोजराअक्कांनी, म्हणजे मीच, सांगितलं, "बसस्टँडमागं उपेंद्रचं डिशचं दुकान आहे. जाता जाता निरोप दे. स्वल्प वळवली की झालं."

"कशाला अक्का? आता छत्र्या कोण बघतं?" म्हणून तिनं आपला जुना मोबाइल वडिलांच्या हातात दिला. मी उपेंद्रला बोलवायला निघाले, तर जयसिंगराव आडवे. म्हणे, पोरगी सांगेल तेव्हाच हात लावायचा.

आता अक्षराचं. ही संयोगिताच्या भावाची मुलगी, खो-खो खेळणारी. तालुक्याच्या मैदानावर आजोबांनी स्वतः खांब पुरून तिला सूर मारायला शिकवलं. खांबाला एका हातानं धरायचं आणि बाकी सगळं अंग पळणाऱ्याच्या पाठीवर फेकायचं. किती वेळा हनुवटी फुटली पोरीची! ती यंदा देशाच्या मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोचली. सामना सरकारी वाहिनीवर फुकट दिसणार होता, आणि मोबाइलवर संयोगिताच्या कंपनीतर्फे.

सकाळीच संयोगितानं फोन केला. "अप्पा, कुणाच्या घरी जाऊन बसायचं नाही हं! आज मी स्वतः पाठवणार आहे. माझ्या हातून थेट तुमच्या हातात."

मग काय! जयसिंगरावांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. मी भिंतीपलीकडून हाका मारल्या, "या हो इकडं, मोठ्या पडद्यावर बघू." ते म्हणाले, "नको. लेक पाठवतेय."

तिकडं ऑफिसात सामना रंगला तशी मोबाइलवर बघणाऱ्यांची गर्दी वाढू लागली. आणि इथंच या धंद्याची खोट आहे. टीव्ही उन्हासारखा असतो. वरून एकदा सोडला की खाली एक छत्री असो की कोटी, त्याचं काही कमी होत नाही. मोबाइलवर मात्र प्रत्येकाच्या दारात वेगळा डबा पोचवावा लागतो. जेवणारे वाढले की वाटेत कोंडी. मग कुणाचा तरी डबा अर्धा करायचा, म्हणजे त्याचं चित्र धुरकट, कधी मध्येच अडकलेलं. याला त्यांच्याकडे म्हणतात 'उतरवणं'. आधी फुकटे, जुन्या फोनवाले, शहराबाहेरचे. बटण संयोगिताच्या हाताखाली.

तिचा वरिष्ठ रणवीर. पुण्याहून आलेला, तिच्याहून लहान, हातात सदा कॉफी. "संयोगिता, लोड बघ ना! उतरव पटकन."

"जाहिराती उतरवू आधी," ती म्हणाली. "त्या धुरकट दिसल्या तर कुणाचं काय जातंय?"

रणवीर हसला. "अगं, त्याच तर विकतो आपण! त्यांची लाइन वेगळी आहे, तिला हात नाही लावायचा. मॅच थोडी ब्लर झाली तर लोक नेटवर्कला शिव्या देतात, आपल्याला नाही. चिल."

जुना फोन, फुकट बघणारा, शहराबाहेर. तिन्ही खुणा कुठं जुळतात हे तिला कळत होतं. तो फोन तिनंच दिलेला. बोट थांबलं खरं, पण मागून रणवीर म्हणाला, "कमॉन!" आणि तिनं दाबलं.

समोरच्या मोठ्या पडद्यावर अक्षराला खांबाजवळ खो मिळाला. शेवटचा गडी खांबाला वळसा घालत होता. पोरीनं खांब धरला आणि अंग झोकून दिलं. गडी बाद! ऑफिसात शिट्ट्या. सगळे काटे हिरवे. कुणाच्या घरी काळोख झाला हे दाखवणारा काटाच नव्हता तिथं. रणवीरनं केक मागवला. "फ्लॉलेस शो, गाइज!" संयोगिताला त्या केकचा वास सोसेना. तिनं बाहेर येऊन घरी फोन लावला.

"दिसलं का, अप्पा?"

"दिसलं ना," जयसिंगराव म्हणाले. "टूथपेस्ट अगदी स्वच्छ दिसली. बाईचा दात न् दात मोजून घ्यावा."

"अप्पा..."

"अक्षरानं खांब धरला, सूर मारला आणि हवेतच अडकली. पोटावर एक गोल चाक फिरत होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडं गोजराबाई ओरडल्या, म्हणून समजलं की जिंकली. मग टूथपेस्ट आली." मग म्हणाले, "पोरगी खाली उतरली का गं नीट? हनुवटीला लागलं नाही ना?"

संयोगितानं काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं नाही. नंतर तिनं त्या क्षणाची चकचकीत चित्रफीत पाठवली. जयसिंगरावांनी उघडली नाही. "झाल्यावर काय बघायचं? मी बसलो होतो ना समोर, तेव्हा दाखवायचं." मोबाइल त्यांनी कपाटात ठेवून दिला.

नोकरी तिनं सोडलेली नाही. त्या कामाची शिसारी येते म्हणते, आणि सोमवारी पुन्हा तिथंच जाऊन बसते. अशी शिसारी काय कामाची!

आणि संयोगिता, आता पुन्हा तुझ्याशीच. अक्षराचा पुढचा सामना ठरला आहे. दर रविवारी तू उपेंद्रच्या दुकानावरून मान वळवून जातेस, ते तोच मला सांगतो. मी त्याला परस्पर वर चढवला असता, पण तुझा बाप अजून तेच म्हणतो: पोरगी सांगेल तेव्हा. एक वाक्य बोलायचं आहे तुला, "अण्णा, आमची छत्री वळवून द्या." तेवढं तुझ्यानं झालेलं नाही. छत्री टाकीकडे तोंड करून तशीच उभी आहे. परवा मी तिच्यात सांडगे वाळत घातले.