कॉलरच्या आतली खूण

माझे बाबा लाँड्री चालवतात. गिऱ्हाइकाचा एखादा चांगला शर्ट परत देण्याआधी स्वतः मिरवून आणायचा, ही त्यांची जुनी खोड. आई चिडली की म्हणायचे, "परत धुऊनच देतो ना?"

टीव्हीवरच्या मालिकेतला टोळीचा सूत्रधार त्यांचा भारी लाडका. "पोलिसांच्या बापालाही सापडायचा नाही हा," असं छातीठोकपणे सांगायचे. शेवटचा भाग बघायला माझ्या सासरी आले, तेही कडक इस्त्रीच्या निळ्या शर्टात. तो शर्ट आमच्या डॉक्टरांचा! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

आणि सूत्रधार सापडला. मेलेल्या माणसाचा शर्ट चढवून पळाला होता मेला. इन्स्पेक्टरनं कॉलर उलटली, तर आत लाँड्रीची खूण, मेलेल्याच्या नावाची!

सासऱ्यांना चेव चढला. "बघू, आपल्यात कोण चोर आहे!" म्हणत ते एकेकाची कॉलर उलटू लागले. बाबा "अहो व्याही, कशाला..." म्हणेपर्यंत हात मानेवर पोचलासुद्धा. आत बाबांच्याच अक्षरात, पक्क्या शाईनं लिहिलं होतं: डॉक्टर.

सासऱ्यांचं हसू मावळलं. त्यांनी कॉलर हलकेच नीट केली आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. "संपलं वाटतं? कसा सापडला हो तो?"

सगळ्यांनी घाईघाईनं कप उचलले. शेवटी बाबाच खाली मान घालून म्हणाले, "दुसऱ्याचा शर्ट घालून आला होता."