झिऱ्याची खूण

दुष्काळात, उन्हाच्या लाटेत गावाला आधार देणाऱ्या जागा शोधून नकाशावर आणायच्या, हे तेव्हा माझं काम होतं. ओढे, माळरानं, जुन्या झाडांचे पट्टे. वैरागजवळच्या एका गावात मेंढपाळ घरातल्या एक मावशी मला ओढ्याने वर घेऊन गेल्या. करंजाच्या मुळांशी वाळूत हातभर झिरा उकरलेला होता आणि भर मे महिन्यात त्यात पाणी होतं. वस्तीची माणसं आणि मेंढरं उन्हाळाभर यावरच काढतात, असं त्या म्हणाल्या.

मी मोबाइलवर जागेची नोंद केली. मावशींनी पडद्याकडे पाहिलं.

"ही खूण कुनाकुनाला दिसनार?"

कोणालाही, मी म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला. खालच्या वळणावरची अशीच एक जागा पूर्वी कुणी लिहून नेली होती. मागोमाग तिथे बोअर पडले, पाणी भरून न्यायला टँकर लागले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे ओलसुद्धा उरली नाही.

"तुमी जाता की निघून. आमी हितंच ऱ्हानार. पुसा ते."

पुसणं सोपं होतं. पण ओढा खोल करायला दोन दिवसांत जेसीबी येणार, हे मला पंचायतीत कळलं होतं. नकाशावर काहीच नसेल तर करंजासकट सगळं उपसलं जाणार. हे सांगितल्यावर मावशी खाली बसल्या.

शेवटी मी खूण पुसली आणि दोन वळणांमधला सगळा ओढाच रंगवला. इथे खोदू नये. कारण, काठची झाडं आणि चराई. पाण्याचं नाव काढलं नाही. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर विचारलं, नेमकी जागा का दाखवली नाही? मोबाइलने नीट पकडली नाही, असं मी धडधडीत खोटं बोलले.

जेसीबी आला त्या सकाळी आम्ही दोघी काठावर उभ्या होतो. खणत खणत तो वळणापर्यंत आला. सरपंचांच्या हातात माझा नकाशा होता. त्यांनी तो दोनदा पाहिला, कुणालातरी फोन लावला. यंत्र घरघरत उभं होतं. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग सरपंचांनी हाताने खूण केली आणि चालकाने यंत्र मागे वळवलं.

आठवड्याने मावशींचा फोन आला. झिरा वाचला होता, पण वळणाच्या खाली ओढा खोल खणल्यामुळे पाणी वीतभर उतरलं होतं. आता माणसं आधी पाणी भरतात, मेंढरांना दिवसाआड पाळी लावली आहे, असं त्यांनी सांगितलं. मला दोष मात्र दिला नाही.