मागचं चाक उघडू नका

त्या गुरुवारी ऑफिसातून येताना मी लेकीला क्लासवरून घेतलं. दिल्लीत, मयूर विहारला आमच्या वळणाच्या आधी रस्ता कायम खोदलेला असतो, तिथे समोरची ई-रिक्षा एकदम थांबली. मी दोन्ही ब्रेक दाबले. डावीकडचा, म्हणजे मागच्या चाकाचा, मुठीला टेकला तरी काही झालं नाही. पुढचा लागला, पुढचं चाक वाळूवर सरकलं आणि आम्ही दोघी आडव्या झालो. माझं कोपर खरचटलं. लेकीच्या गुडघ्याला चार टाके पडले.

मागचा ब्रेक ढिला झालाय हे मी नवऱ्याला होळीपासून सांगत होते. दर वेळी एकच उत्तर. "करतो."

आमच्या घरात स्कूटर मी चालवते आणि तिची देखभाल तो करतो. तो मेट्रोने ऑफिसला जातो, मी स्कूटरने. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण बारा वर्षं चाललं होतं. आणि तो आळशी माणूस नाही. पाण्याचा फिल्टर, गीझर, शेजारच्या आजींचा टीव्ही, सगळं तो न सांगता बघतो. म्हणून तर मला कळेना, की या एका कामाला त्याचा हात का लागत नाही.

टाके पडल्यानंतरच्या रविवारी सकाळी लेक सोफ्यावर पाय लांब करून पोहे खात बसली होती. मी म्हटलं, "आज गाडी मिस्त्रीकडे ने."

तो पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, "रविवारी त्याच्याकडे फार गर्दी असते गं. पुढच्या आठवड्यात नेतो. नक्की."

त्या 'नक्की'ने माझं डोकं फिरलं. कपाटावरची हत्यारांची पेटी काढली आणि खाली गेले.

पुण्यात कॉलेजात होते तेव्हा माझी गाडी मीच उघडायची. प्लग साफ कर, ब्रेक शू बदल, एवढं मला सहज यायचं. लग्नानंतर ते सुटलं. कसं सुटलं, आठवत नाही. पण हातांना अजून माहीत होतं. मेचं ऊन नऊलाच पार्किंगच्या अर्ध्यात आलं होतं. मी स्कूटर सावलीत ओढली, सायलेन्सरचे नट-बोल्ट काढले, सायलेन्सर बाजूला ठेवला. आता मागच्या चाकाचा मोठा नट समोर दिसत होता, गंजून तपकिरी झालेला. तो निघाला की चाक बाहेर येणार, मग आतले ब्रेक शू बदलायचे. अर्ध्या तासाचं काम.

पाना लावून जोर दिला, तर नटाबरोबर चाकच फिरायला लागलं. चाक धरून ठेवायला मागचा ब्रेक दाबावा लागतो, आणि इथे तोच नव्हता. माझा संताप आणखी चढला. मी लेकीला फोन करून खाली बोलावलं. गाडी स्टँडवरून उतरवली, मागच्या चाकाखाली विटा लावल्या आणि तिला म्हटलं, "वर बस आणि पुढचा ब्रेक घट्ट दाबून ठेव."

"मम्मा, बाबाला बोलवू?"

"नको."

ती बसली, पट्टी बांधलेला पाय सरळ ठेवून. मी नटावर तेल सोडलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा जोर लावला. नट हलेना. मग गार्डकडून नळाचा एक जुना लोखंडी पाइप मागून आणला, तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि त्यावर अख्खं वजन टाकलं. किंचाळल्यासारखा आवाज झाला, नट पाव फेरा फिरला आणि पुन्हा अडकला. पाना सुटला. माझ्या हाताच्या चार बोटांची सालं गेली.

फिरून आलेले तळमजल्यावरचे अंकल थांबले. "बेटा, इसमें उल्टी चूड़ी होगी. दूसरी तरफ घुमाओ."

"सीधी ही है, अंकल."

"पति घर पे नहीं हैं?"

"हैं," मी म्हटलं आणि वर बघितलं. नवरा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा होता. हात कठड्यावर. किती वेळ उभा होता कोण जाणे. माझी नजर गेल्यावर तो आत गेला, आणि थोड्या वेळाने खाली आला. मला वाटलं, आता तरी पाना हातात घेईल.

"सोड ना," तो म्हणाला. "उगाच बिघडेल."

"काय बिघडेल? बिघडायचं काय राहिलंय?"

मी त्याच्याकडे पाठ केली आणि आमच्या मिस्त्रीला फोन लावला. पन्नाशीचा माणूस, गेटबाहेर पिंपळाखाली त्याचं दुकान. गर्दी वगैरे काही नव्हती, पाच मिनिटांत पिशवी घेऊन आला. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"पिछला पहिया खोलना है? भैया से पूछ लिया?"

"उनसे क्या पूछना? चलाती मैं हूँ."

"नहीं, भैया हर सर्विस में बोलते थे ना, पिछला पहिया मत खोलना. मैंने दो बार कहा, शू घिस गए होंगे. बोले, छोड़ दो."

मी नवऱ्याकडे वळले. त्याचा चेहरा उतरला होता.

"का?" मी विचारलं.

"घरी बोलू."

"इथेच बोल."

मग त्याने सांगितलं. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती तेव्हा मागचं टायर पंक्चर झालं होतं, आणि त्याने व्हिडिओ बघून चाक स्वतः काढलं होतं. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. चाक परत बसवताना नट वाकडा चढला. त्याच्या लक्षात आलं, पण उलटा फिरवायला गेला तर फिरेना, म्हणून त्याने पाना लावून, वर हातोडीने ठोकून तो तसाच शेवटपर्यंत नेला. नंतर कुणी उघडला तर कळेल, म्हणून कुणाला उघडू दिला नाही.

"आटे गेले होते," तो हळू म्हणाला.

"आटे म्हणजे?" लेकीने गाडीवरूनच विचारलं.

"चूड़ी, बेटा," मिस्त्री म्हणाला.

मी मोजत नव्हते, पण त्या क्षणी डोळ्यांसमोरून सगळे रस्ते गेले. निजामुद्दीनचा पूल. हायवेच्या कडेने ट्रकांच्या शेजारून मी आणलेली गाडी. धुक्यातल्या जानेवारीच्या सकाळी पुढचं काही दिसत नसताना लेकीला परीक्षेला सोडलं होतं ते. मागे ती बसलेली, माझ्या कमरेला धरून. आणि चाकात एक वाकडा नट, ज्याची माहिती घरातल्या एकाच माणसाला, आणि तो मेट्रोने जाणारा.

"चाक निघालं असतं तर?" माझा आवाज इतका वाढला की गार्ड खुर्चीतून उठला.

"निघालं नसतं. उलट जॅमच होता तो. मी वाचलं होतं."

"वाचलं होतंस!" मी हातातला पाइप जमिनीवर फेकला. "म्हणजे शंका आली होती. वाचण्याइतकी आली होती, मला सांगण्याइतकी नाही!"

"मला लाज वाटली."

"त्या वेळी सांगितलं असतंस तर मी हसले असते. एवढंच झालं असतं. मी हसू नये म्हणून ब्रेक चार वर्षं उघडू दिला नाहीस? तिच्या गुडघ्याकडे बघ. बघ ना!"

त्याने बघितलं नाही. लेक मान खाली घालून ब्रेक दाबून बसली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. मीच तिला म्हटलं, "सोड आता, उतर." आवाज मऊ करायचा प्रयत्न केला, जमला नाही.

मिस्त्री बिचारा कुठे बघावं न कळून नटाकडे बघत होता. "मैडम, ये खुलेगा नहीं, फाड़ना पड़ेगा," असं म्हणून त्याने छिन्नी काढली. नवरा पुढे झाला, चाक धरायला वाकला. मी म्हटलं, "तू हात लावू नकोस." चाक मी धरलं. मिस्त्रीचा प्रत्येक घाव माझ्या मनगटात येत होता आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. वीसेक मिनिटांत नट एका बाजूने चिरला आणि दोन तुकड्यांत खाली पडला. आतल्या दांड्यावरचे आटे एका बाजूला पार चपटे झाले होते. ब्रेक शूवर तर काही उरलंच नव्हतं, लोखंडावर लोखंड घासून चकाकत होतं.

"ये शाफ्ट बदलना पड़ेगा," मिस्त्री म्हणाला. "यहाँ नहीं मिलेगा. करोल बाग से लाना पड़ेगा."

"मी आणतो," नवरा म्हणाला. आणि त्याच दुपारी गेला. दोन दुकानांत चुकीचा भाग दिला म्हणून मंगळवारी सुट्टी काढून पुन्हा गेला. मी कौतुक केलं नाही. कुणी मला सांगितलं असतं की बघ किती धावपळ करतोय, तर मी त्याच्यावरही ओरडले असते. दहा दिवस मी रिक्षाने आणि बसने ऑफिसला गेले, आणि दहा दिवस आमच्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. दूध आणलं का. गॅस संपलाय.

एका संध्याकाळी जेवताना त्याने लेकीला स्वतःहून सांगितलं, "तू पडलीस ती माझ्यामुळे. सॉरी."

तिने भात कालवला. मग म्हणाली, "बाबा, मी मॅथ्सचा पेपर लपवला होता तेव्हा तू मला किती बोलला होतास." आणि उठून ताट ठेवायला गेली. तो तसाच बसून राहिला. मला त्याची दया आली नाही असं नाही. पण ती रागाच्या खालीच राहिली, वर आली नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा मिस्त्रीने किल्ली सरळ माझ्या हातात दिली. मी पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारल्या, दर वेळी मागचा ब्रेक दाबून. नवरा खांबापाशी उभा होता.

"मागे बस," मी म्हटलं.

तो बसला. मी गाडी सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर काढली, वेग वाढवला आणि न सांगता ब्रेक दाबला. टायर ओरडलं, गाडी जागच्या जागी थांबली, तो माझ्या पाठीवर आदळला. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. तिसऱ्यांदाही तेच. तो एकदाही 'पुरे' म्हणाला नाही.

चौथ्यांदा थांबल्यावर म्हणाला, "चांगला लागतोय."

"हो."

"अजून राग आहे?"

"आहे," मी म्हटलं आणि गाडी घराकडे वळवली.