म्हैस वैशाखऱ्यात, रेंज व्हिएतनामात

माझ्यावर कोणाचा विश्वासच बसला नाय! “कार्ड न घालता फोनला परदेशात नेट येतं,” असं मी म्हटलं, तर टोकावड्याच्या नाक्यावरची माणसं बघायला लागली, जसं काही माझ्या अंगातच आलंय. माझा माळशेज रस्त्याला ढाबा आहे. शिक्षण चौथी, पण कान उघडे. एका गिऱ्हाईक पोरीनं पिठलं खाताखाता मला ई-सिम दाखवलं, तेव्हाच मी ठरवलं, आपण हेच घ्यायचं. आता परत आल्यापासून जो येतो तो म्हणतो, “वैनी, म्हशीचा किस्सा सांगा!” एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. भाकऱ्या करपतात माझ्या! म्हणून एकदाच सगळे लिहून टाकते.

*

आमी चौघी भिशीवाल्या. मी, मुरबाडला ब्लाउज शिवते ती रंजना, किराणावाली सुमन आणि वैशाखऱ्याची कमळ. कमळीचं दूध माझ्या ढाब्यावर येतं. व्हिएतनामची टूर ठरली आणि कमळ अडून बसली. तिची चंद्री गाभण. पहिलारू, दिवस भरत आलेले. चंद्रीची आई विताना गेली होती, कमळीच्या डोळ्यांदेखत. तो धसका बाईच्या मनातून गेलेला नाय.

“मला रोज म्हैस दिसली पाहिजे. नायतर तुमी जा, मी गोठ्यात बसते!”

“दिसेल! माझ्या फोनच्या नेटवर दिसेल!”

सुमन मधीच म्हणाली, “वैनी, कार्डाशिवाय फोन म्हणजे दोराशिवाय बादली.”

मी म्हटलं, “तू नुसती काठावर उभी रहा. पाणी मी काढते!”

*

ई-सिम आलं. म्हणजे काय आलं? काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन! तो कॅमेऱ्यानं स्कॅन करायचा. पण चौकोन माझ्याच फोनात आणि कॅमेराही माझ्याच फोनाला. माणसानं स्वतःची पाठ कशी बघायची? मी रंजनाच्या दुकानात गेले आणि फोन आरशापुढे धरला. अर्धा तास! कधी माझं नाक स्कॅन होतंय, कधी मागचा टांगलेला परकर.

शेवटी रंजनानं कात्री खाली ठेवली. “अगो, चौकोन माझ्या फोनवर पाठव, आणि माझ्या फोनावरून तू घे!”

घेतलं. झालं! मी दुकानात उडीच मारली.

पण आमच्या भिशीची रीत अशी, की एकीच्या घरी जे आलं ते सगळ्यांत वाटायचं. आंबे असोत नायतर शेवग्याच्या शेंगा. रंजनानं तो चौकोन भिशीच्या ग्रुपवर टाकला! दहा मिनिटांत बायांचे फोन, “वैनी, आमच्यात नाय येत! वापरून झालंय म्हणतंय!”

मी म्हटलं, “एकदा माझ्या फोनाशी लग्न लागलं त्याचं! आता तुमी कितीही हळदी लावा, नवरा मिळायचा नाय!”

*

विमान उतरलं. फोन उघडला, तर नेट नाय. दांडीच नाय! कमळीचं तोंड पांढरं पडलं. आमचा टूर मॅनेजर हसून म्हणाला, “काकी, मी सांगितलं होतं ना, इथं लाइनीत उभं राहून कार्ड घ्या.”

त्याचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. घरून सगळ्यांनी बजावलं होतं, “रोमिंग लावू नको, घर विकावं लागेल!” मग मी सगळीकडचं रोमिंग बंद करून बसलेले. तेवढ्यात पिठलंवाल्या पोरीचं बोलणं आठवलं. आपल्या गावच्या सिमचं रोमिंग बंद, पण ई-सिमचं चालू! देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

टिंग! टिंग टिंग टिंग!

पहिला निरोप कमळीच्या सासूचा. “चंद्रीनं पेंड खाल्ली. तू पण खा.”

कमळ विमानतळावर रडली, आणि मी त्या मॅनेजरकडे असं बघितलं, की त्यानं आमच्या चारही बॅगा उचलल्या!

*

बाकीच्या तिघींच्या फोनात ई-सिम चालतच नव्हतं. म्हणून माझा हॉटस्पॉट! झालं, मी कोंबडी आणि मागे तीन पिल्लं. बाजारात सुमन टोप्या बघत मागं राहिली, की तिचं नेट तुटायचं आणि ती भर गर्दीत ओरडायची, “हॉटस्पॉट, थांब गो!” दोन दिवसांत हॉटेलातली पोरगी मला हात जोडून म्हणाली, “गुड मॉर्निंग, मिसेस हॉटस्पॉट!”

कमळीचा तर कहर. मी अंघोळीला गेले, तर दारावर धडाधडा थापा.

“वैनी, बाहेर या! म्हैस अडकली!”

“कुठं अडकली?”

“फोनात! नुसतं गोल गोल फिरतंय!”

साबणाच्या अंगानं मी फोन दाराच्या फटीतून बाहेर दिला!

*

एके दिवशी बस भातखाचरांतून चालली. हिरवंगार, अगदी आपल्या डोळखांबसारखं! खाचरात एक बाई म्हैस धुवत होती. कमळीनं बसच थांबवली. खाली उतरली, चिखलात शिरली आणि त्या बाईला फोनात चंद्री दाखवली. भाषा कोणाला येते? बाईनं फोन जवळ धरला, कासेकडे बोट केलं, शेपटीच्या मुळाशी खड्डा पडलाय तो दाखवला, मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले. एक झोप!

कमळ बसमध्ये येऊन माझ्या शेजारी बसली. “उद्या, वैनी. नेट जाऊ देऊ नका.”

मी लगेच फोन चार्जिंगला लावला.

*

दुसऱ्या दिवशी आमी नाश्त्याला बसलो आणि व्हिडिओ कॉल आला. चंद्री अडली होती! एक खूर बाहेर, दुसरा आत दुमडलेला. डॉक्टर मुरबाडहून निघालेला, पण पोचला नव्हता. सासूचा हात तयार, पण तिला नीट दिसत नाय. म्हणून हात सासूचे, डोळे कमळीचे, आणि फोन धरायला कमळीचा नवरा बबन. सहा फुटी गडी, कबड्डीत तीन माणसं ओढून नेणारा.

“आई, खूर मुठीत झाका! आता मागं लोटा! मग ओढा! कळ आली की ओढा!”

अख्खा डायनिंग हॉल उभा! गोरे, चिनी, वेटर, सगळे आमच्या टेबलाभोवती. कोणाला काय कळत होतं देव जाणे, पण कमळ “ओढा” म्हणाली की सगळे श्वास ओढत होते! दुसरा खूर दिसला. नाकपुडी दिसली.

आणि गोठ्याचे पत्रे दिसले. मग काळोख. कॉल कट!

“वैनी, तुमचं नेट मेलं!” सुमन किंचाळली.

“त्या चौकोनानंच घात केला!” रंजना.

“कार्ड घ्यायचं होतं, काकी!” मॅनेजर.

कमळ नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते सगळ्यात वाईट. मी फोन बंद केला, चालू केला, खुर्चीवर चढले, खिडकीतून हात बाहेर काढला. दांड्या भरलेल्या! सगळ्या! पण ऐकतंय कोण?

तेवढ्यात कमळीच्याच फोनवर शेजारणीच्या नंबरावरून व्हिडिओ. सासू! कोपरापर्यंत माखलेली, आणि पायाशी ओलं, काळं, धडपडत उभं राहणारं पिल्लू.

“पारडी झाली गो! चंद्री चाटतेय बघ!”

हॉलमध्ये टाळ्या! कमळीनं त्या मॅनेजरलाच मिठी मारली. मी खुर्चीवरूनच ओरडले, “आई, आधी या सगळ्यांना सांगा, मघाशी नेट कोणाचं गेलं? माझं का तुमचं?”

“नेट कशाला जातंय? फोन शेणात पडलाय, आणि फोनाच्या शेजारी डोळे पांढरे करून आडवा झालाय आमचा बबन!”