मामांची पंधरा मिनिटं

आमच्या हिच्या मामांना एका जागी बसायला शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात टाइमकीपरची नोकरी केली. निवृत्त होताना घड्याळ भिंतीवर ठेवून आले, पण त्याची टिकटिक अंगात घेऊन आले. जेवताना शेवटचा घास ते उभ्यानेच खातात. दवाखान्यात नंबर लागायच्या आधीच शर्टाची बाही वर करून ठेवतात. आमच्या लग्नात पहिल्याच मंगलाष्टकाला त्यांनी हातातल्या सगळ्या अक्षता उधळल्या आणि उरलेली मंगलाष्टकं रिकामी मूठ हलवत काढली. "भटजी फार ताणतात," हे त्यांचं त्या सोहळ्यावरचं एकमेव मत.

अशा माणसाच्या गावाला जाणारा रस्ता दुपदरी असावा, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. हडपसर मागे पडलं की तो रस्ता, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मी गाडी चालवायचो आणि मामा शेजारी बसून, पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचे. "घ्या, घ्या जावईबापू, मोकळं आहे... नका घेऊ, एसटी आली." दोन्ही हुकूम एकाच श्वासात सुटत आणि चूक झालीच तर ती माझी असे. रस्ता चौपदरी व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले. सह्यांचा कागद कायम खिशात. बारशाला गेले तरी पाळण्यापाशी जाण्याआधी चार सह्या पदरात पाडून घेत. एका सत्यनारायणाला तर ते दारातच कागद धरून उभे राहिले; प्रसाद घेऊन निघालेल्या एकाही माणसाला सही केल्याशिवाय चपला घालता आल्या नाहीत.

या रस्त्यावर मामा फक्त एका ठिकाणी थांबत आणि तेही मामींमुळे. मामींना गाडी लागायची. अर्ध्या वाटेवर, एका जुन्या विहिरीसमोर, चिंचेचं मोठं झाड होतं. ते दिसलं की मामी मागून "अहो" एवढंच म्हणत आणि गाडी उभी राही. मग त्या खाली पडलेली चिंच उचलून सोलत, हंगाम नसला तर कोवळा पाला खुडत, जिभेखाली धरत आणि दगडावर टेकत. बरोबर पंधरा मिनिटं. मामा शेजारच्या दगडावर घड्याळ बघत बसत, पण बसत. त्यांना स्वस्थ बसलेलं मी जगात तेवढ्याच जागी पाहिलं. मामी गेल्या, तरी आम्ही तिथे थांबत राहिलो. "इंजिन तापलंय," मामा म्हणत. माझी गाडी नवीन होती, इंजिन तापलेलं नसायचं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मग एकदाचं चौपदरीकरण मंजूर झालं. मामांनी सोसायटीत पेढे वाटले, तेही लिफ्टची वाट न बघता जिन्याने. पुढच्याच रविवारी आम्ही गावी निघालो, तर चिंचेच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला. तोडायच्या झाडांना नंबर दिले होते. मामा त्या आकड्यावरून हात फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला कचेरीत नेलं. हरकतीचा अर्ज घरूनच लिहून आणला होता: रस्ता चौपदरी करावा, मात्र विहिरीसमोर तेवढा दुपदरीच ठेवावा. कारकुनाने तो दोनदा वाचला, फाईल सोडली आणि मामांचेच जुने अर्ज एकेक करून टेबलावर मांडले.

"या सह्या आपल्याच ना?"

"माझ्याच."

"मग आता रस्ता म्हणजे काय धोतर आहे का, मध्येच वर खोचून घ्यायला?"

एरवी मामांनी त्याला पाणी मागू दिलं नसतं. त्या दिवशी "पोच तेवढी द्या," एवढंच म्हणाले. पोच मिळाली. झाड मात्र गेलं. पाडलं त्या दिवशी मामा एकटेच एसटीने जाऊन आले आणि पिशवीभर चिंचा घेऊन परतले. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. एवढी कसली घाई होती तुम्हाला, असं विचारावंसं वाटत होतं. पण पिशवीकडे पाहिलं आणि ती त्यांच्या हातून घेऊन आत नेऊन ठेवली.

परवा नव्या रस्त्याने पहिल्यांदा गेलो. ट्रॉल्या डावीकडून निमूट चालल्या होत्या, आम्ही भर्रकन पुढे निघत होतो, आणि मामांचा पाय एकदाही ब्रेक शोधत नव्हता. विहीर दिसली तसे ते म्हणाले, "जरा बाजूला घ्या." बाजूला लोखंडी कठडा होता आणि मागून हॉर्न. मी वेग थोडा कमी केला, तेवढंच जमलं. विहीर मागे गेली.

गावात घरासमोर गाडी उभी केली. गाडी थांबायच्या आत दार उघडणारे मामा पट्टाही न सोडता बसून राहिले.

"उतरायचं ना, मामा?"

"बसा हो. न थांबता आलोय, तिची पंधरा मिनिटं शिल्लक राहिलीत."

त्यांनी खिशातून चिंच काढली, सोलली आणि अर्धी मला दिली. काचा खाली करून आम्ही दोघं चिंच चघळत बसलो. मामांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. वेळ झाल्याचं शेवटी मलाच सांगावं लागलं.